यादी वाढतेय, पण जंगलातले पक्षी कुठे आहेत? येऊर, नागला आणि तुकड्या-तुकड्यांचं जंगल

रानवाट

घोडबंदर रोडवरच्या सोसायट्यांच्या एका ग्रुपवर परवा कुणीतरी आवारातल्या पक्ष्यांची यादी टाकली. तांबट, कुटुरगा, राखी धनेश, दयाळ, शिंपी, शिपाई बुलबुल, सूर्यपक्षी, पोपट, घार, भारद्वाज. खाली लिहिलं होतं, "टॉवर आले तरी पक्षी वाढलेच. जंगल तुटलं की पक्षी संपतात हे उगाच घाबरवणं आहे."

यादी खरी आहे. मानपाड्याला माझ्या गॅलरीतूनही हे सगळे दिसतात आणि ते दिसतात याचा मला आनंदच आहे. माझा आक्षेप त्यावरून काढलेल्या निष्कर्षाला आहे. कारण यादीत कोण नाही तेही बघायला हवं. ठिपकेवाला सातभाई नाही. फुल्वेटा नाही. शामा नाही. वाकड्या पिवळ्या चोचीचा सिमिटर बॅब्लर नाही. हे सगळे येऊरच्या, म्हणजे राष्ट्रीय उद्यानाच्या ठाण्याकडच्या चढावर आहेत, आमच्या इमारतींपासून पक्ष्याच्या हिशोबाने हाकेच्या अंतरावर. पण खाली उतरत नाहीत. जमिनीलगत, पाल्यात, कारवीच्या आणि इतर झुडपांच्या अंधारात राहणारे पक्षी आहेत हे.

संजय गांधी राष्ट्रीय उद्यान जेमतेम १०४ चौरस किलोमीटर आहे. पश्चिमेला बोरिवली, पूर्वेला आपण ठाणेकर, दक्षिणेला आरे आणि पवई. उत्तरेला नागला ब्लॉक उद्यानाचाच भाग, पण मधून घोडबंदर रोड गेलाय. नागल्याच्या पलीकडे उल्हास नदीची खाडी, आणि खाडीपलीकडे कामण, तुंगारेश्वर. नकाशावर सगळं हिरवं सलग दिसतं. पक्ष्याला ते सलग आहे का, यावर इथे नीट चर्चा व्हावी म्हणून हा धागा. उष्ण कटिबंधातल्या जंगलांचे असे तुकडे झाल्यावर पक्ष्यांचं काय होतं, यावर जगात बरंच काम झालंय. ज्यांचा अभ्यास आहे त्यांनी कृपया लिहावं.

सुभग

चांगला विषय. वाचतेय. नागल्याच्या बाजूने फार कमी लोक जातात, सगळे येऊरलाच येतात.

कारवी

महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

या प्रश्नावरचा सर्वांत मोठा प्रयोग ब्राझीलमध्ये झाला. मानाउस शहराच्या उत्तरेला साधारण ८० किलोमीटरवर, १९७९ साली टॉम लव्हजॉय यांनी तो सुरू केला. गुरांच्या कुरणांसाठी तिथलं जंगल तोडलं जाणारच होतं. कायद्याने मालकाला निम्मं जंगल राखावं लागे. लव्हजॉय यांनी मालकांना एवढंच पटवलं की राखायचंच आहे तर काही तुकडे ठरलेल्या आकाराचे राखा: १ हेक्टर, १० हेक्टर, १०० हेक्टर. आणि खरी मोलाची गोष्ट ही की कुऱ्हाड पडण्याआधीच जाळी लावून, पायात कडी घालून तिथल्या पक्ष्यांची मोजणी सुरू झाली होती. एरवी आपण जंगल तुटल्यावर मोजायला जातो आणि आधी काय होतं ते कुणालाच ठाऊक नसतं.

तोड झाल्या झाल्या त्या तुकड्यांत काय झालं असेल? पक्षी वाढले. जाळ्यांत पूर्वीपेक्षा जास्त पक्षी सापडू लागले, कारण आजूबाजूचे बेघर झालेले सगळे उरलेल्या झाडांत घुसले होते. मग गर्दी ओसरली आणि संख्या मूळच्या पातळीच्याही खाली गेली. रानवाट ताईंच्या ग्रुपवरच्या गृहस्थांना हे जरूर सांगा. तुकड्यात पक्षी वाढलेले दिसणं ही आजाराची पहिली खूणही असू शकते.

पुढे २००३मध्ये प्रसिद्ध झालेला हिशोब असा: १०० हेक्टरच्या तुकड्यातून जंगलाच्या खालच्या थरातल्या निम्म्या जाती १५ वर्षांच्या आत नाहीशा होतात. आणि ही गळती दहापट मंद करायची असेल तर जंगल दहापट मोठं असून भागत नाही, हजारपट मोठं लागतं. हे वाक्य मी दर वर्षी वर्गात फळ्यावर लिहीत असे.

आता कोण गेले ते बघा. सर्वांत आधी गेले लष्करी मुंग्यांच्या मागे फिरणारे पक्षी. मुंग्यांची फौज पाल्यातून निघाली की किडे उठतात, ते हे पक्षी टिपतात. मुंग्यांच्या एका वसाहतीला फिरायला जी जागा लागते ती १० हेक्टरच्या तुकड्यात मावतच नाही. मुंग्या गेल्या, पाठोपाठ पक्षी गेले. मग गेले पाला उलटून किडे शोधणारे आणि मिश्र थव्यांत फिरणारे. टिकले कोण? फुलांवर जाणारे गुंजन पक्षी (हमिंगबर्ड) आणि जंगलाच्या काठावर, झुडुपांत, मोकळ्यावर राहायची सवय असलेले. म्हणजे पक्षी संपत नाहीत, पक्ष्यांचा समाजच बदलतो. आपल्या सोसायटीची यादी त्या टिकणाऱ्यांची यादी आहे.

गायमुख

मी रस्त्यांच्या कामात आहे, सिव्हिल. कारवी सर, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. पण एक मूळ शंका आहे आणि ती माझ्यासारख्या पुष्कळांना असेल. पक्ष्याला पंख आहेत. हरणाला, बिबट्याला रस्ता अडवतो हे कळतं. पक्ष्याला घोडबंदर रोड काय अडवणार? दोन सेकंदांचं उड्डाण आहे.

कारवी

@गायमुख, शंका अगदी योग्य आहे. तिचं उत्तर पनामात मिळालं.

पनामा कालव्यासाठी चाग्रेस नदीवर धरण बांधलं आणि १९१४पर्यंत गाटून जलाशय भरला. एक डोंगरमाथा बेट होऊन राहिला, बारो कोलोराडो. साधारण १५ चौरस किलोमीटर. या बेटावर शिकार नाही, तोड नाही, कडक संरक्षण. तरीही एकेक करून जंगलातल्या कितीतरी पक्षिजाती तिथून नाहीशा झाल्या. किनारा काही शे मीटरवर, पलीकडे त्याच जातींचे पक्षी आहेत, पण ते येऊन जागा भरत नाहीत. का?

२००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात संशोधकांनी जंगलातले पक्षी पकडून होडीतून जलाशयात नेले आणि किनाऱ्यापासून वेगवेगळ्या अंतरांवर सोडले. काही जाती सहज किनाऱ्याला पोहोचल्या. काही जातींच्या पक्ष्यांना १०० मीटरही जमेना, ते पाण्यात पडले. पंख असलेले, धडधाकट पक्षी.

अंधाऱ्या झुडपांत आयुष्य काढणाऱ्या पक्ष्याचे पंख आखूड आणि गोल असतात. या फांदीवरून त्या फांदीवर, एवढंच त्यांचं काम. शिवाय उघड्यावर आलं की शिकरा टपलेला असतो, हे पिढ्यानपिढ्या अंगात मुरलेलं. ब्राझीलच्या त्या प्रयोगात ८० मीटरची मोकळी पट्टीसुद्धा पुष्कळ जातींना भिंत ठरली. उडता न येणं आणि उडायला न धजणं, दोन्हींचा परिणाम एकच.

खाडीकाठ

ऐरोलीहून. हे वाचताना 'आजोबा' बिबट्या आठवला. २००९मध्ये माळशेजला गळ्यात कॉलर घालून सोडलेला, मुंबई-आग्रा महामार्ग ओलांडून १२० किलोमीटर चालत आपल्या नागला ब्लॉकपर्यंत पोहोचला होता. आपण सगळे बिबट्याच्या वाटेविषयी बोलतो, बातम्याही त्याच येतात. बिबट्यासाठी जंगल जोडलेलं असलं म्हणजे सातभाईसाठीही जोडलेलं असेल, असं मी गृहीत धरून चाललो होतो.

रानवाट

@खाडीकाठ, हाच मुद्दा. रस्त्याखालून मोरी किंवा भुयारी वाट केली की बिबट्याची सोय होईल, आणि ती व्हायलाच हवी. पण फुल्वेटासारख्या पक्ष्याला लागतो तो वर एकमेकांना भिडलेल्या फांद्यांचा आणि खाली झुडपांचा पडदा. ती वेगळी सोय आहे आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही.

सर, जातींमध्ये एवढा फरक कशामुळे? आपल्याकडे युरोपातलीही उदाहरणं देतात, तिथे छोट्या राईतही जंगलातले पक्षी टिकून आहेत म्हणतात.

कारवी

युरोपातलं जंगल हिमयुगांत आक्रसलं, पसरलं, पुन्हा आक्रसलं. माणसानेही तिथे हजारो वर्षं तोड केली. तुकड्यांत न टिकणारे पक्षी तिथे केव्हाच गळून गेले असणार, आज उरलेत ते काटक. शिवाय तिथले बरेच पक्षी स्थलांतर करणारे, समुद्र ओलांडायची सवय असलेले. उष्ण कटिबंधातला झुडपातला पक्षी बारा महिने त्याच दोन-चार हेक्टरांवर हक्क सांगून राहतो. २०१९मध्ये जगभरातल्या ४,००० हून अधिक प्राणिजातींच्या नोंदी एकत्र करून काढलेला निष्कर्षही हाच आहे: जिथे पूर्वी मोठे उत्पात कमी झाले तिथले जंगली जीव काठाला जास्त बुजतात, आणि असे प्रदेश मुख्यतः उष्ण कटिबंधात आहेत.

ऐनमाळ

चर्चा छान आहे, पण सगळे एकाच बाजूने बोलताहेत म्हणून दुसरी बाजू मांडतो. मी आकडेवारीत काम करतो.

जंगल *कमी होणं* आणि जंगलाचे *तुकडे होणं* या दोन गोष्टी वेगळ्या मोजायला हव्यात. कॅनडातल्या शास्त्रज्ञ लेनोर फाह्रिग यांनी हे वर्षानुवर्षं मांडलंय. एकूण जंगल तेवढंच ठेवून फक्त तुकड्यांची संख्या वाढवली तर काय होतं, असं त्या विचारतात. २०१७मधल्या त्यांच्या आढाव्यात अशा अभ्यासांतले जे परिणाम ठळक आढळले, त्यांतले ७६ टक्के चांगल्या दिशेचे होते. म्हणजे तोट्याचं खापर बहुतेक वेळा तुकड्यांवर फुटतं, पण खरा घाव एकूण क्षेत्र घटल्याचा असतो.

याला व्यवहारात महत्त्व आहे. "तुकडे निरुपयोगी" असं आपण म्हणत राहिलो की उद्या कुणीही म्हणेल, ही टेकडी तशीही तुटलेलीच आहे, बांधा इथे. ठाणे-नवी मुंबईत तर हा युक्तिवाद नेहमी ऐकू येतो.

कारवी

@ऐनमाळ, शेवटच्या परिच्छेदाशी पूर्ण सहमत. छोटा तुकडा निरुपयोगी असं कुणी म्हणू नये.

पण फाह्रिग यांच्या मांडणीवर २०१८मध्येच अनेक शास्त्रज्ञांनी मिळून उत्तर दिलं आणि वाद अजून चालू आहे. माझं मत सांगतो. आढाव्यात सगळे जीव, सगळे प्रदेश एकत्र येतात. त्यात काठावर सुखाने राहणारेही असतात, त्यांना तुकडे झाल्यावर काठ जास्त मिळतो आणि ते वाढतात. सरासरी चांगली दिसते. आपण ज्या पक्ष्यांबद्दल बोलतोय त्यांची सरासरी काढून उपयोग नाही, त्यांच्याकडे नावानिशी बघावं लागतं. कोस्टारिकात २००२ साली प्रसिद्ध झालेल्या कामात झुडपातले कीटकभक्षी पक्षी तुकड्यांतून का जातात हे तपासलं. खाणं कमी पडतं का? तसं आढळलं नाही. किडे पुरेसे होते. उपासमारीपेक्षा, तुकड्याबाहेर पडून फिरता न येणं हेच कारण जास्त जुळत होतं. हा निव्वळ क्षेत्र घटल्याचा परिणाम नाही.

ऐनमाळ

मान्य, जातवार बघायला हवं. मग आपल्याकडची यादीही तशीच फोडायला हवी: काठावरचे वेगळे, आतले वेगळे. एकूण जाती किती हा आकडा टाकूच नये.

पाटोणा

मी येऊरच्या पाड्यावर वाढलो, आता नोकरीला वागळे इस्टेटला. शास्त्र मला माहीत नाही, जंगल माहीत आहे, तेवढं सांगतो.

तुम्ही सगळे रस्ता आणि तुकडे बोलताय. आमच्याकडे आतल्या आतही तुकडे पडतात, ते वणव्याने. फेब्रुवारीपासून मेपर्यंत कुठेना कुठे आग असते. मोठी झाडं जळत नाहीत म्हणून लोकांना वाटतं काही झालं नाही. ऐन उभा आहे, साग उभा आहे. पण खालचा पाला जातो. लहान रोपं जातात, कारवी जळते. मग पावसात तिथे रानमोडी आणि घाणेरी ही तणं वाढतात. अशा जागी तुम्ही म्हणता ते पाला उलटणारे पक्षी मला दिसत नाहीत. माझी आजी म्हणायची, पाला हलत असेल तर रान जितं आहे. ओढ्याच्या कडेला जिथे आग पोचत नाही तिथे ते अजून आहेत. पावसाच्या आधी सकाळी गेलात तर शीळ ऐकू येते, दिसत मात्र नाहीत.

आणि रात्रीचे दिवे. खेळाची मैदानं, बंगले, मोठे आवाज. काठ फक्त भिंतीपाशी नसतो, उजेड पोचतो तिथपर्यंत काठच.

रानवाट

@पाटोणा दादा, तुमचा प्रतिसाद या धाग्यातला सर्वांत महत्त्वाचा आहे असं मला वाटतं. वरून बघितलं तर झाडोरा अखंड, खाली मजला जळालेला. उपग्रहाच्या चित्रात हे दिसत नाही.

गायमुख

काठाचा विषय निघाला म्हणून साधं गणित करून बघितलं. समजा काठापासून १०० मीटर आतपर्यंत ऊन, वारा, आवाज पोचतो. जंगल अगदी गोल आहे असं धरलं, म्हणजे काठ कमीत कमी.

१०० हेक्टरच्या गोलाची त्रिज्या ५६४ मीटर. कडेची १०० मीटर पट्टी वजा केली की आत उरतं सुमारे ६८ हेक्टर.
१० हेक्टरच्या गोलाची त्रिज्या १७८ मीटर. आत उरतं २ हेक्टरपेक्षाही कमी.
१ हेक्टरचा गोल, त्रिज्या ५६ मीटर. आत काहीच उरत नाही, सगळा काठच.

आणि २०० मीटर रुंदीची पट्टी असेल तर ती दहा किलोमीटर लांब असली तरी आत शून्य. आम्ही कामात "इतकी हेक्टर हरित पट्टी राखली" असं लिहितो. आकार लिहायला कुणी सांगत नाही. मला तरी हे आजपर्यंत कुणी विचारलं नव्हतं.

कारवी

@गायमुख, फार छान केलंत. यात एक भर घालतो. काठाचा परिणाम झाडांवरही होतो. ब्राझीलच्याच त्या प्रयोगात काठापासून ३०० मीटरच्या आतली मोठी झाडं जंगलाच्या आतल्यापेक्षा जवळजवळ तिप्पट वेगाने मेली. वारा झोडपतो, हवा कोरडी होते, वेली चढतात. मोठं झाड गेलं की त्याच्या ढोली जातात. धनेश, सुतार, तांबट, पिंगळे, पोपट, सगळ्यांची घरटी ढोलीत. धनेश मोठी फळं गिळतो आणि बिया दूर टाकतो. तो गेला तर ज्या झाडांची बी मोठी आहे त्यांची पुढची पिढी आईच्या सावलीतच अडकते. म्हणजे पक्षी गेल्यावर काही दशकांनी जंगलही बदलतं.

पारसिक

बेलापूरकर. आमच्याकडची स्थिती थोडक्यात. पारसिकचा डोंगर खाणींनी आणि बांधकामांनी कातरलेला, खारघरची टेकडी त्यापासून तुटलेली, मधे महामार्ग आणि वसाहती. लागवड बरीच झाली आहे पण गिरिपुष्प, सुबाभूळ, गुलमोहर अशा परदेशी झाडांची. हिरवं दिसतं, खाली पाला कुजत नाही, झुडूप नाही. बुलबुल, साधे सातभाई, शिंपी भरपूर. पावसाळ्यात खारघरला नवरंग पक्षी ऐकू येतो, तेवढा दिलासा.

निखार

पनवेलहून. कर्नाळ्याबद्दल लिहितो. अभयारण्य १९६८चं, तेव्हा साडेचार चौरस किलोमीटरच्या आसपास, नंतर वाढवून १२.११ चौरस किलोमीटर केलं. मधून मुंबई-गोवा महामार्ग जातो.

जूनमध्ये तिबोटी खंड्या येतो, रायगडचा जिल्हापक्षी. ओढ्याकाठच्या मातीच्या दरडीत बीळ खणून अंडी घालतो. त्याला सावलीतला ओढा लागतो आणि दरड शाबूत लागते. ओढ्याला काँक्रीटची भिंत बांधली की त्याचा हंगाम गेला. दर वर्षी मे अखेर, जूनच्या सुरुवातीला पनवेल, खारघर, ठाण्यात तिबोटी आणि नवरंग इमारतींच्या काचांवर आदळून पडलेले सापडतात. रात्री प्रवास करतात, उजेडाने आणि काचांनी फसतात. एका छोट्या जंगलातून दुसऱ्याकडे जाताना मधे काय आहे, हेही तुकड्यांच्याच प्रश्नात येतं. ज्यांना असा पक्षी सापडेल त्यांनी पाणी पाजायचा प्रयत्न करू नये. हवेशीर पुठ्ठ्याच्या खोक्यात, अंधारात, शांत जागी ठेवावा आणि वनविभागाला किंवा जवळच्या प्राणिमित्र संस्थेला कळवावं. बऱ्याचदा थोड्या वेळाने स्वतःच उडतो.

सुभग

@निखार, उपयोगी माहिती. आमच्या सोसायटीत मागे नवरंग पडला होता, गर्दी करून सगळे फोटो काढत बसले होते. हे छापून लिफ्टमध्ये लावते.

मला विचारायचं होतं, मधली जागा चांगली केली तर फरक पडतो का? की तुटलं ते तुटलं?

कारवी

पडतो, आणि बराच पडतो. ब्राझीलमध्येच काही कुरणं चालेनात म्हणून मालकांनी सोडून दिली. तिथे नवं रान उगवलं, तुकड्यांना येऊन भिडलं, आणि गेलेल्या पक्ष्यांपैकी बरेच परत दिसू लागले. कुंपण नाही, पिंजरा नाही, फक्त मधली जागा उघडी राहिली नाही.

आपल्या सह्याद्रीतलं उदाहरण तमिळनाडूतल्या अनामलै डोंगरांचं. वालपराईच्या पठारावर चहा-कॉफीच्या मळ्यांमध्ये सदाहरित जंगलाचे तुकडे उरलेत. दिव्या मुडप्पा आणि टी. आर. शंकर रामन यांनी तिथे मळेवाल्यांना सोबत घेऊन स्थानिक झाडांची लागवड करत तुकडे सावरण्याचं काम वर्षानुवर्षं केलंय. तिथल्या अभ्यासांतून दिसतं की सावलीच्या झाडांखालची कॉफी जंगली पक्ष्यांना बरीच चालते, उघडा चहामळा चालत नाही. आपल्याकडे चहा-कॉफी नाही, पण येऊरच्या वाड्या आहेत, आंबा-फणस आहे, पाड्यांच्या भोवतीची जुनी झाडं आहेत. ती राहिली तर मधली जागा पार करण्याजोगी राहते.

जावा बेटावरच्या बोगोर शहरातली वनस्पतिबाग मात्र उलटं सांगते. ८६ हेक्टरची, उत्तम निगा राखलेली, पण १९३६च्या सुमारास आजूबाजूचं जंगल जाऊन एकटी पडली. १९३२ ते १९५२च्या दरम्यान तिथे प्रजनन करणाऱ्या ६२ जाती नोंदल्या होत्या. १९८०च्या दशकात बघितलं तर २० गेलेल्या. टिकले ते मुख्यतः बाहेरच्या बागा-शेतांतही भरपूर असणारे. बागेने स्वतः फारसं कुणाला वाचवलं नाही. शहरातल्या बागेकडून किती अपेक्षा ठेवावी, हे मला बोगोरने शिकवलं.

ऐनमाळ

बोगोरला गळती व्हायला अर्धं शतक लागलं, हे लक्षात घ्या. घोडबंदर पट्ट्यात मोठी बांधकामं गेल्या तीसेक वर्षांतली. म्हणजे आज येऊरला जे पक्षी आहेत त्यांवरून "सगळं ठीक आहे" म्हणणं घाईचं ठरेल. नुकसान होऊन गेलंय पण अजून पूर्ण दिसलेलं नाही, अशी ही अवस्था.

खाडीकाठ

आणि उलटही. कुणाला वाटेल सगळं संपलंय, तर तसंही नाही. २०१४मध्ये तानसा अभयारण्यात वन पिंगळा हे छोटं घुबड सापडलं की. शंभरहून अधिक वर्षं हरवलं होतं, १९९७मध्ये शहाद्याच्या बाजूला पुन्हा दिसलं, आणि मग मुंबईपासून शंभर किलोमीटरच्या आत. तानसा, तुंगारेश्वर, नागला ही साखळी जोडलेली राहिली तर अजून काय निघेल कोण जाणे.

देवरायांचंही बघायला हवं. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात त्यांची पद्धतशीर नोंद केली. आकाराने लहान, पण देवाच्या धाकाने पाला, वेली, जुनी झाडं तशीच राखलेली. कारवी सरांच्या हिशोबाने तुकडा लहान आहे, पण पाटोणा दादांच्या हिशोबाने जिता आहे.

गायमुख

ठाणे-बोरिवली बोगद्याबद्दल कुणीतरी विचारेल म्हणून आधीच लिहितो. डोंगराखालून जात असल्याने वरचा झाडोरा चिरत नाही, हे उघड्या रस्त्यापेक्षा नक्कीच बरं. पण दोन्ही तोंडांशी कामाची जागा, पोचरस्ते, दिवे लागतात. तिथला काठ किती आत सरकतो तेवढं बघावं लागेल. घोडबंदरच्या गायमुख ते फाउंटन टप्प्यात मात्र रस्ता जंगलाच्या मधूनच आहे. तिथे जेव्हा जेव्हा रुंदीकरणाची चर्चा होते तेव्हा पक्ष्यांच्या बाजूने मागणी काय असावी? मला एका ओळीत सांगता येईल असं हवंय, बैठकीत परिच्छेद कुणी ऐकत नाही.

रानवाट

माझी ओळ: दोन्ही बाजूंच्या फांद्या जिथे आज एकमेकींच्या जवळ आहेत त्या जागा आधी नकाशावर खुणा करा, आणि त्या जागी झाड तोडायचं नाही.

कारवी

याला जोड: त्या जागांच्या दोन्ही अंगांना झुडूप साफ करायचं नाही. "सुशोभीकरण" म्हणून हिरवळ आणि बोगनवेल लावली की फांद्या जवळ असूनही खालचे पक्षी यायचे नाहीत.

आणि अंतराचे आकडे परदेशातून उचलून इथे चिकटवू नका. आपलं जंगल आर्द्र पानझडी आहे. मार्च-एप्रिलमध्ये ते उघडं पडतं, इथल्या पक्ष्यांना थोडं ऊन सोसायची सवय असणार. इथलं अंतर इथेच मोजायला हवं. नागल्यात आणि रस्त्याच्या येऊरकडच्या अंगाला, ठरलेल्या जागी उभं राहून पहाटे दहा मिनिटं, ऐकू येणारे आणि दिसणारे सगळे लिहायचे. खालच्या थरातल्या पक्ष्यांचा रकाना वेगळा. दर ऋतूत त्याच जागा. शीळ ओळखता येणारा एक माणूस प्रत्येक गटात हवा, कारण हे पक्षी नव्वद टक्के कानाने सापडतात.

ऐनमाळ

तक्ता मी बनवतो. जागा निवडताना काठापासूनचं अंतर नोंदवू, म्हणजे गायमुख यांचं गणित ताडून बघता येईल. जिथे पक्षी *नाही* आढळला तेही लिहायचं. कोरा रकाना आणि शून्य यांत फरक आहे.

निखार

कर्नाळ्यात महामार्गाच्या दोन्ही बाजूंना हेच करायला मी तयार आहे. पनवेलचे तिघेचौघे सोबत येतील.

रानवाट

वनविभागाच्या परवानगीचं पत्र मी लिहिते. नागल्यात परवानगीशिवाय कुणीही जाऊ नये, आणि आवाज वाजवून पक्षी बोलवायचे नाहीत, विणीच्या काळात तर अजिबात नाही.

पाटोणा

रविवार ठेवू नका. रविवारी येऊरला पहाटेपासून गाड्या असतात, काही ऐकू येत नाही. मंगळवार किंवा बुधवार ठेवा, मी सुटी घेतो. ओढ्याच्या वरच्या अंगाला दोन जागा दाखवतो, एक दर वर्षी जळते ती आणि एक कधीच न जळालेली, मधे फार अंतर नाही. आणि पत्रात हेही लिहा ताई, की जाळरेषा (आग अडवायला साफ केलेल्या पट्ट्या) जानेवारीतच काढा. मार्चमध्ये काढून उपयोग होत नाही, तोवर खालचं सगळं पेटून गेलेलं असतं. पाड्यावरची चार-पाच पोरं कामाला येतील, त्यांना रोजची मजुरी मिळाली पाहिजे एवढंच.

रानवाट

लिहिते. जाळरेषेचा मुद्दा पहिला टाकते, मोजणीचा दुसरा. मसुदा उद्या संध्याकाळी इथेच चिकटवते, सगळ्यांनी बघा.